लांबीवर विकल्या जाणाऱ्या मालाचा हिशोब करणारे अ‍ॅप: चार महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

नऊ तुकडे हवे आहेत, प्रत्येक 2.10 मीटर लांबीचा, आणि माल मिळतो तो 6 मीटरच्या नगात. किती नग आणावे लागतील? एकूण लांबी 18.90 मीटर होते, तिला 6 ने भागले की 3.15 येतात, म्हणून वरचा पूर्ण आकडा धरून 4 नग, असे उत्तर बहुतेक जण पटकन देतात. ते चुकीचे आहे. एका नगातून 2.10 मीटरचे दोनच तुकडे निघतात आणि उरलेला 1.80 मीटरचा तुकडा या कामाला लागत नाही. चार नगांतून आठ तुकडे मिळतात आणि नवव्यासाठी पाचवा नग आणावाच लागतो. दुकानात दर मीटरचा सांगितला गेला तरी बिल नगांचे होते, आणि एका नगाचे तुकडे कसे पाडायचे यावरच नगांची संख्या ठरते. म्हणून असा हिशोब करणारे कोणतेही साधन हाती आले की मी त्याला सर्वांत आधी हे नऊ तुकड्यांचे उदाहरण घालतो.

गेले चार महिने मी ज्या मोबाइल अ‍ॅपवर विसंबून पोलादी चौकोनी पाइप, पाण्याचे पाइप, लाकडी पट्ट्या आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याशी बसवायची पट्टी) यांचे हिशोब केले, त्याचे हे परीक्षण आहे. अ‍ॅपचे नाव मी लिहिलेले नाही, कारण पुढे सांगितलेले दोष मला याच प्रकारच्या आणखी दोन साधनांतही आढळले आणि त्यासाठी एकालाच वेगळे काढून दोष देणे मला योग्य वाटत नाही. वाचकाने येथील उदाहरणे आपल्या हातातल्या अ‍ॅपमध्ये घालून पाहावीत. ते विश्वासाचे आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते.

अ‍ॅपचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाचे नाव ‘साधा हिशोब’ असून त्यात एकूण लांबी, नगाची लांबी, दर आणि वेस्टेजची, म्हणजे वाया जाणाऱ्या मालाची, टक्केवारी भरायची असते. दुसऱ्या भागाचे नाव ‘कापणी आराखडा’ असून त्यात प्रत्येक तुकड्याची लांबी आणि संख्या स्वतंत्र ओळीत भरायची असते, आणि त्यानंतर कोणत्या नगातून कोणते तुकडे काढायचे हे अ‍ॅप चित्रासह दाखवते. माझे नऊ तुकडे पहिल्या भागात घातले तेव्हा उत्तर 4 आले आणि दुसऱ्या भागात घातले तेव्हा 5. एकाच अ‍ॅपने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे द्यावीत आणि त्यांतले चुकीचे उत्तर उघडल्याबरोबर समोर येणाऱ्या भागात असावे, ही या साधनाची सर्वांत गंभीर त्रुटी आहे, कारण घाईत असलेला माणूस दुसऱ्या भागापर्यंत पोहोचतच नाही.

साध्या हिशोबात वेस्टेज आधीच 10 टक्के भरलेले असते, त्यामुळे चूक झाकली जाईल असे वाटते, पण तसे होत नाही. 18.90 मीटरमध्ये 10 टक्के मिळवले तर 20.79 मीटर होतात, त्यांना 6 ने भागले की 3.465, म्हणजे पुन्हा 4 नगच येतात. उलट बाजूने पाहिले तर 29 सेंटीमीटरचे 100 तुकडे काढायचे असतील तेव्हा एका नगातून कापणीची घट (प्रत्येक कापात भुगा होऊन जाणारी लांबी) धरूनही 20 तुकडे व्यवस्थित निघतात आणि 5 नग पुरतात, तरीही 10 टक्क्यांचा नियम 6 नग आणायला सांगतो. म्हणजे तोच नियम पहिल्या कामात माल कमी पाडतो आणि दुसऱ्या कामात विनाकारण एक नग गळ्यात मारतो. टक्केवारीचे वेस्टेज फरशी किंवा रंग यांच्या अंदाजासाठी ठीक आहे, पण ठरावीक लांबीच्या नगातून ठरावीक लांबीचे तुकडे काढायचे असतात तेव्हा वाया जाणारा भाग हा त्या दोन लांब्यांच्या गुणोत्तरातून ठरतो, आणि तो मोजता येत असताना अंदाजाने धरण्याचे काही कारण नाही.

आता कापणी आराखड्याविषयी सांगतो, कारण या अ‍ॅपचे खरे मोल तेथेच आहे आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. फॅब्रिकेशनच्या, म्हणजे पाइप-पत्रे कापून जोडण्याच्या, कामात सर्वसाधारण रीत अशी असते की सर्वांत मोठे तुकडे आधी काढावेत आणि उरलेल्या भागात लहान तुकडे बसवावेत. ही रीत चांगली आहे आणि बहुतेक वेळा पुरेशी ठरते, पण नेहमी नाही. 2.38 मीटरचे दोन आणि 1.80 मीटरचे चार तुकडे 6 मीटरच्या नगांतून काढायचे आहेत असे समजू. मोठे आधी या रीतीने पहिल्या नगातून 2.38 चे दोन तुकडे निघतात आणि 1.24 मीटर उरतात, त्यात 1.80 चा तुकडा बसत नाही. दुसऱ्या नगातून 1.80 चे तीन निघतात. चौथ्यासाठी तिसरा नग उघडावा लागतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक नगातून 2.38 चा एक आणि 1.80 चे दोन असे तुकडे काढले तर लांबी 5.98 मीटर होते, तीन काप प्रत्येकी 3 मिलिमीटरचे धरले तर 5.989, आणि सगळे काम दोनच नगांत भागते. हे उदाहरण मी कागदावर आधी सोडवून मग अ‍ॅपमध्ये घातले, आणि अ‍ॅपने क्षणात दोन नगांचा आराखडा दिला.

या प्रश्नामागे गणिताची मोठी परंपरा आहे आणि ती ठाऊक असली की अ‍ॅपकडून काय अपेक्षा करावी हे कळते. वाया जाणारा माल कमीत कमी राहील अशी कापणी कशी ठरवावी, या प्रश्नाची गणिती मांडणी सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी 1939 मध्ये लेनिनग्राडमध्ये उत्पादनाच्या नियोजनाचा विचार करताना केली होती. पुढे 1975 मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. मोठ्या कामांसाठी व्यवहारात वापरता येईल अशी पद्धत गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 मध्ये मांडली. तुकड्यांच्या लांब्यांचे प्रकार वाढत गेले की एका नगात ते बसवण्याच्या शक्यता इतक्या झपाट्याने वाढतात की सगळ्या तपासून पाहणे संगणकालाही परवडत नाही, म्हणून निवडक शक्यताच तपासत पुढे जावे लागते. घरगुती कामात मात्र लांब्यांचे प्रकार चार-पाचच असतात, आणि तेवढ्यासाठी हे अ‍ॅप पूर्णपणे समर्थ आहे. मी एकूण अकरा आराखडे कागदावर पडताळून पाहिले आणि एकाही ठिकाणी मला अ‍ॅपपेक्षा कमी नगांचा मार्ग सापडला नाही.

तरीही याच भागाने मला एकदा अडचणीत आणले, आणि तो प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. सामान ठेवण्याच्या दोन मांडण्यांसाठी मला बाजूच्या चार चौकटी करायच्या होत्या. प्रत्येक चौकटीला 2.10 मीटरचे दोन उभे पाइप आणि 90 सेंटीमीटरचे दोन आडवे पाइप लागणार होते. 2.10 आणि 2.10 म्हणजे 4.20, त्यात 90 आणि 90 सेंटीमीटर मिळवले की बरोबर 6.00 मीटर. अ‍ॅपने चार नगांचा आराखडा दिला आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘वेस्टेज शून्य’ असे दाखवले. एका चौकटीला एक नग, इतका नेटका हिशोब पाहून मला समाधान वाटले आणि मी चार नग आणले. पहिला नग कापून झाल्यावर दोन उभे आणि एक आडवा पाइप बरोबर मापाचे निघाले, पण शेवटचा तुकडा टेपवर 891 मिलिमीटर भरला.

नऊ मिलिमीटर कोठे गेले हे मशीनखाली पडलेल्या चुऱ्यात दिसत होते. मोठ्या कटिंग मशीनच्या चकतीची जाडी साधारण 3 मिलिमीटर असते आणि प्रत्येक कापात तेवढ्या रुंदीचा माल भुगा होऊन जातो. चार तुकड्यांसाठी तीन काप, म्हणून 9 मिलिमीटर. हातातल्या ग्राइंडरची पातळ चकती 1 ते 1.6 मिलिमीटरची असते, तिने घट कमी झाली असती, पण शून्य झाली नसती, आणि बरोबर 6.00 मीटरच्या आराखड्यात शून्याखेरीज दुसरे काहीच चालत नाही. अ‍ॅपमध्ये कापाची जाडी भरण्याची सोय आहे, परंतु ती मुख्य पानावर नसून सेटिंगच्या तिसऱ्या पातळीवर आहे आणि तेथे सुरुवातीचा आकडा शून्य आहे. तो आकडा 3 केल्यावर तोच आराखडा 4 वरून 5 नगांवर गेला: चार नगांतून प्रत्येकी दोन उभे आणि एक आडवा, आणि उरलेल्या चार आडव्यांसाठी पाचवा नग, ज्यातून चार तुकडे निघून 2.388 मीटरचा पाइप शिल्लक राहतो. एका न भरलेल्या आकड्यामुळे मालाचा खर्च 25 टक्क्यांनी बदलतो. हा आकडा विचारल्याशिवाय अ‍ॅपने आराखडा दाखवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचवा नग मात्र मी आणला नाही, आणि याचे श्रेय अ‍ॅपच्याच चित्राला जाते. चित्रात प्रत्येक नग एका आडव्या पट्टीसारखा दिसतो, तुकड्यांवर त्यांची लांबी लिहिलेली असते आणि उरलेला भाग राखाडी रंगात दिसतो. ते पाहताना लक्षात आले की आडवे पाइप 90 ऐवजी 89 सेंटीमीटरचे केले तर चौघांची बेरीज 5.98 मीटर होते, उरलेला भाग कापून काढण्याचा चौथा काप धरला तरी 12 मिलिमीटरच घट जाते आणि नगात 8 मिलिमीटर शिल्लक राहतात. मांडणीची खोली एका सेंटीमीटरने कमी झाल्याने माझ्या सामानाला काहीच फरक पडणार नव्हता. पहिल्या नगातला 891 चा तुकडाही एक मिलिमीटर घासून वापरता आला. त्याच नगातल्या दुसऱ्या आडव्याला मात्र आणखी एक काप द्यावा लागला. जिन्याचा कठडा किंवा भार पेलणारी तुळई असती तर मी एका मिलिमीटरचीही तडजोड केली नसती, कारण तेथे माप सुरक्षिततेवरून ठरते. पण जेथे माप आपल्या पसंतीचे असते तेथे एका सेंटीमीटरने एक पूर्ण नग वाचू शकतो. दिलेल्या लांब्या थोड्या बदलल्या तर नग कमी होतील का, हे अ‍ॅपने स्वतःहून सांगितले तर त्याचे मोल दुप्पट होईल. सध्या ते चित्र पाहून आपल्यालाच ओळखावे लागते.

8 मिलिमीटरच्या शिल्लकीवर काम करायचे असेल तर नग खरोखर किती लांबीचा आहे हे कापण्याआधी मोजावे लागते. माझ्या चार नगांपैकी तीन 6 मीटरपेक्षा किंचित जास्त होते, एक 5.998 मीटर भरला. येथे टेपचाही विचार करावा लागतो. अचूकतेच्या दुसऱ्या वर्गातल्या टेपला 6 मीटरच्या मापात दीड मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, पहिल्या वर्गातल्या टेपला 0.7 मिलिमीटरपर्यंत, हा वर्ग टेपच्या पातीवर रोमन आकड्यात छापलेला असतो. टेपच्या टोकाची आकडी थोडी हलते तो दोष नसून ती मुद्दाम तशी बसवलेली असते, कारण बाहेरून अडकवून मोजताना आणि आतून टेकवून मोजताना आकडीच्या जाडीइतका फरक भरून निघावा लागतो. शिवाय नगाचे टोक काटकोनात आहे का हे गुण्या लावून पाहावे, कारण तिरके टोक साफ करण्यात आणखी एक काप जातो. अ‍ॅपमध्ये ‘टोक साफ करण्यासाठी सोडायची लांबी’ अशी एक जागा आहे आणि ती मला फार उपयोगी वाटली.

फूट आणि मीटर यांच्या बाबतीत अ‍ॅपने निष्काळजीपणा केला आहे. नगाच्या तयार लांब्यांच्या यादीत ‘20 फूट’ निवडले की आराखड्यात 6 मीटर धरले जातात. 1959 पासून एक फूट म्हणजे बरोबर 0.3048 मीटर असे आंतरराष्ट्रीय मान्यतेने ठरलेले आहे, त्यामुळे 20 फूट म्हणजे 6.096 मीटर. 96 मिलिमीटरचा हा फरक 1.6 टक्केच असला तरी माझ्या चौकटींच्या उदाहरणात तो निर्णायक ठरतो: 6.096 मीटरच्या नगातून 90 सेंटीमीटरचे आडवे पाइपही कापाची घट धरून आरामात निघतात आणि चार नग पुरतात, पण अ‍ॅप 5 सांगते. एक दुकानदार 6 मीटरचा आणि दुसरा 20 फुटांचा नग एकाच किमतीला देत असेल तर दुसऱ्याकडे जाणे शहाणपणाचे आहे. यादीतला तयार पर्याय न घेता लांबी स्वतः मीटरमध्ये भरावी. दरांची तुलना करतानाही हेच: फुटाच्या दराला 3.28 ने गुणल्यावरच तो मीटरच्या दराशेजारी ठेवता येतो, सोयीसाठी 3 ने गुणणाऱ्याला फुटाचा दर उगाचच स्वस्त वाटतो.

याहून धोकादायक आहे ती दशांश चिन्हाची गफलत. लाकडी पट्ट्यांचे माप घेताना मी कागदावर 5 फूट 10 इंच हे माप सवयीप्रमाणे 5.10 असे लिहिले होते आणि तसेच ते अ‍ॅपमध्ये भरले. अ‍ॅपच्या दृष्टीने 5.10 म्हणजे पाच फूट आणि एका फुटाचा दहावा भाग. 5 फूट 10 इंच म्हणजे प्रत्यक्षात 5.833 फूट, प्रत्येक पट्टीमागे 22 सेंटीमीटरहून अधिक लांबी हिशोबातून गळून पडली. पट्ट्या मागवण्याआधी बेरीज फारच कमी वाटली म्हणून मी पुन्हा पाहिले आणि चूक सापडली. फूट आणि इंच यांच्यासाठी दोन वेगळे रकाने ठेवले असते तर ही वेळ आली नसती. तोवर सगळी मापे मिलिमीटरमध्ये लिहिणे हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण तेथे दशांश चिन्हाची गरजच पडत नाही.

स्कर्टिंगच्या कामात मला अ‍ॅपची एक वेगळी मर्यादा दिसली. 4.20 बाय 3.30 मीटरच्या खोलीची परिमिती 15 मीटर, त्यातून 90 सेंटीमीटरचे दार वजा केले की 14.10 मीटर. पट्टी 2.40 मीटरची. भागाकार 5.875, म्हणून 6 पट्ट्या असे साधा हिशोब सांगतो. भिंतींप्रमाणे विचार केला तर 4.20 च्या दोन्ही भिंतींना 2.40 आणि 1.80, दार नसलेल्या 3.30 च्या भिंतीला 2.40 आणि 0.90, आणि दाराच्या दोन बाजूंना 1.80 आणि 0.60 असे तुकडे लागतात. 1.80 कापल्यावर उरणाऱ्या भागातून 0.60 निघेल असे वाटते, पण पुन्हा कापाची घट आडवी येते आणि हातात 0.597 राहतात. एकूण 7 पट्ट्या लागतात. अ‍ॅपमध्ये ‘जोड चालतील’ हा पर्याय निवडल्यावर त्याने 6 पट्ट्यांचा आराखडा दिला, पण त्यात एका भिंतीच्या शेवटी 45 सेंटीमीटरचे दोन तुकडे जोडलेले होते आणि दाराशेजारी 10 सेंटीमीटरचा एक तुकडा होता. गणिताने ते बरोबर आहे. मात्र दारातून आत येताना पहिली नजर जेथे पडते तेथेच चिंधीसारखा लहान तुकडा बसवायला कोणताही चांगला सुतार तयार होणार नाही, आणि माझ्या सुताराने तो आराखडा पाहताच बाजूला ठेवला. त्याचे म्हणणे मला पटले आणि मी सातवी पट्टी आणली. जोड कमीत कमी किती लांबीच्या तुकड्यांचा असावा, हे ठरवण्याची सोय अ‍ॅपमध्ये नाही. ती असायला हवी. बाहेर आलेल्या कोपऱ्यांचा विचारही अ‍ॅप करत नाही. तेथे 45 अंशांत कापलेली पट्टी भिंतीपेक्षा पट्टीच्या जाडीइतकी लांब घ्यावी लागते, म्हणून ती वाढ भिंतीच्या मापात आधीच मिळवून मग आकडा भरावा.

पाण्याच्या पाइपांविषयी थोडक्यात: नकाशावरचे अंतर एल्बोच्या (पाइपला वळण देणाऱ्या जोडाच्या) मध्यापासून मध्यापर्यंत असते आणि कापायचा पाइप त्याहून लहान असतो, हे अ‍ॅपला ठाऊक नाही. जोडांची वजावट आपणच करून मापे भरली तर आराखडा नीट येतो.

लांबीने घेतलेला पण वजनाने मोलभाव होणारा माल, म्हणजे सळई आणि पोलादी पाइप, यांच्यासाठी अ‍ॅपमध्ये वजनाचा स्वतंत्र विभाग आहे. सळईचा हिशोब अचूक आहे. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून त्याला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. पोलादाची घनता 7850 किलोग्रॅम प्रति घनमीटर धरून वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून हा 162 येतो. 12 मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला 0.889 किलो, म्हणजे 12 मीटरच्या सळईचे सुमारे 10.67 किलो. ठेकेदाराने किलोवर दर सांगितला आणि दुकानदाराने नगावर सांगितला तर दोघांची तुलना या एका सूत्राने होते. चौकोनी पाइपच्या विभागात मात्र फक्त बाहेरचे माप विचारले जाते, पत्र्याची जाडी विचारली जात नाही. 25 मिलिमीटरचा चौकोनी पाइप 2 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असेल तर कोपऱ्यांची गोलाई सोडून त्याचे वजन मीटरला 1.44 किलो येते, पत्रा 1.6 मिलिमीटरचा असेल तर 1.18 किलो. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात, टेपवरही सारखेच भरतात, पण दुसऱ्यात जवळपास 19 टक्के लोखंड कमी असते. ‘नगाला इतके’ असा दर ऐकून जो स्वस्त वाटतो तो पाइप बहुतेक वेळा स्वस्त नसून पातळ असतो. पाइपच्या कापलेल्या तोंडाला व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचे साधन) लावून जाडी मोजावी किंवा नग सरळ काट्यावर ठेवायला सांगावे. अ‍ॅपच्या या विभागावर विसंबून दर ठरवू नये.

मला सर्वांत जास्त उणीव जाणवली ती पूर्ण नगाचा दर आणि कापून घेतलेल्या मालाचा दर यांच्या तुलनेची. पुष्कळ पुरवठादार हव्या त्या लांबीचे तुकडे कापून देतात आणि त्यासाठी मीटरमागे थोडा जास्त दर लावतात. हा जास्तीचा दर ऐकूनच आपण नको म्हणतो, पण हिशोब वेगळे सांगू शकतो. माझ्या चौकटींच्या मूळ मापांना प्रत्यक्ष लागणारी लांबी 24 मीटर होती आणि पाच नगांची लांबी 30 मीटर. म्हणजे कापून मिळणाऱ्या मालाचा दर 25 टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी तो पूर्ण नगांपेक्षा महाग पडत नाही, आणि मशीनचे काम व वाहतुकीची अडचणही वाचते. शिल्लक राहणारा 2.388 मीटरचा पाइप दुसऱ्या कामाला लागणार असेल तर पारडे पुन्हा नगांकडे झुकते. ही तुलना अ‍ॅपमधल्या आकड्यांवरून दोन ओळींत करता येते, पण अ‍ॅप ती करत नाही. दर विचारताना तो करासह आहे की कराशिवाय, आणि कापण्याची मजुरी प्रत्येक कापाची आहे की एकूण कामाची, हे मात्र दोन्हीकडे विचारून घ्यावे, अन्यथा तुलनेला अर्थ राहत नाही.

वाहतुकीचा विषय निघालाच आहे तर एक नोंद करतो. 6 मीटरचा नग जिन्याच्या वळणातून वर जात नाही म्हणून तो अनेकदा खालीच मधोमध कापला जातो, आणि त्यामुळे काळजीपूर्वक केलेला आराखडा मोडतो. माझ्या 89 सेंटीमीटरच्या आराखड्यात सुदैवाने प्रत्येक अर्ध्यातून 2.10 चा एक आणि 0.89 चा एक तुकडा बरोबर निघत होता. पण हे सुदैव होते. असा प्रश्न असेल तर नगाची लांबी 3 मीटर आणि संख्या दुप्पट भरूनच आराखडा काढावा.

शिल्लक तुकड्यांची नोंद ही या अ‍ॅपची अशी सोय आहे जिच्यासाठी मी ते पुढेही ठेवणार आहे. प्रत्येक काम संपल्यावर उरलेल्या तुकड्यांची लांबी एका यादीत जमा होते, आणि पुढच्या आराखड्यात अ‍ॅप आधी त्या यादीतले तुकडे वापरून पाहते व मगच नवा नग उघडते. किती लांबीपेक्षा लहान तुकडा भंगार समजायचा हेही ठरवता येते. मी ती मर्यादा 25 सेंटीमीटर ठेवली आहे. चार महिन्यांत या यादीमुळे माझे दोन नवे नग वाचले. एकदा तर कोपऱ्यात उभा असलेला 1.30 मीटरचा पाइप मी साफ विसरलो होतो आणि यादीने त्याची आठवण करून दिली. यादीतल्या तुकड्यावर खडूने तोच क्रमांक लिहून ठेवण्याची शिस्त मात्र आपण पाळावी लागते, नाहीतर ढिगातला नेमका तुकडा शोधताना तो पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

ज्याला एकच सरळ रॉड किंवा एकाच लांबीचे चार तुकडे हवे आहेत, त्याने हे अ‍ॅप घेण्याची गरज नाही. नगाच्या लांबीतून किती पूर्ण तुकडे निघतात ते पाहावे आणि हव्या असलेल्या संख्येला त्याने भागावे, एवढे पुरते. ज्याच्या कामात तीन किंवा अधिक वेगवेगळ्या लांब्या आहेत त्याने ते जरूर वापरावे, पण साधा हिशोब हा भाग उघडूच नये, आणि पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन कापाची जाडी आपल्या मशीनच्या चकतीप्रमाणे भरावी. ती जाडी पाकिटावरच्या आकड्यावरून न घेता एका टाकाऊ तुकड्यात अर्धवट काप देऊन त्या फटीचे माप घ्यावे, कारण चकती थोडी थरथरते आणि फट चकतीपेक्षा जास्त रुंद पडते. माझ्या मशीनवर 3 मिलिमीटरची चकती 3.4 मिलिमीटरची फट पाडते, आणि आता अ‍ॅपमध्ये तोच आकडा भरलेला आहे.